खाली नाव लिहिलेला फळा

गुरुनाथ सबनीसांना वामनराव देऊसकरांबद्दल फार थोडं ठाऊक होतं. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा देऊसकर जाऊन आठवडाही झाला नव्हता, आणि त्यांचा मुलगा सुरेश जिन्यात उभा राहून विचारत होता, "काका, बाबा इथे दिवसभर करायचे काय?"

सुरेश बडोद्याहून वडिलांची खोली रिकामी करायला आला होता. सामान फारसं नव्हतंच. एक लोखंडी ट्रंक, स्टोव्ह, गादी, मागचं झाकण नसलेला ट्रान्झिस्टर आणि वर तारेचे हुक लावलेला एक काळा फळा.

"लिहायचे," गुरुनाथ म्हणाले.

"लिहायचे? मला तर एक कागद सापडला नाही."

"फळ्यावर लिहायचे. सकाळी लिहायचे, संध्याकाळी पुसायचे."

सुरेशने फळ्याकडे पाहिलं. तो स्वच्छ पुसलेला होता. "काय लिहायचे पण?"

"बातम्यांवर. आपलं मत."

"आणि लोक वाचायचे?"

"वाचायचे. म्हणजे, पूर्वी वाचायचे."

सुरेशने मान हलवली आणि ट्रंकेचं दुसरं टोक धरायची खूण केली. जाताना तो म्हणाला, "बरं झालं तुम्ही होता. तुम्ही त्यांना चांगलं ओळखत होता." गुरुनाथ 'हो' म्हणून गेले. ट्रंक रिक्षात चढली, रिक्षा कोपऱ्यावरून वळली, आणि मग आपण कशाला 'हो' म्हणालो याचा ते विचार करत राहिले. देऊसकर मिरजेचे की मिरजेजवळच्या एखाद्या खेड्यातले, हे त्यांना माहीत नव्हतं. पत्नी सरलाबाई कशाने गेल्या, हेही नाही. निवृत्तीनंतर माणसं आपल्या गावी जातात किंवा मुलाकडे जातात, देऊसकर चंडीगडसारख्या या परक्या शहरात भाड्याच्या खोलीत का राहिले, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्या खोलीतही ते त्या दिवशीच पहिल्यांदा गेले होते.

गुरुनाथ विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. पुस्तकांशी त्यांचं चांगलं जमायचं. माणसांशी बोलायची वेळ आली की वाक्य मनात तयार व्हायचं, आणि तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असायचा.

फळा सुरू झाला तो पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात. त्या मे महिन्यात दिल्लीत आणि आसपास ट्रान्झिस्टरमध्ये दडवलेले बॉम्ब फुटले होते. बसच्या बाकावर एखादा रेडिओ पडलेला दिसायचा, कोणीतरी तो उचलायचा, बटण फिरवायचा, आणि संपायचा. चंडीगडमधल्या लोकांनीही घरातले जुने रेडिओ अडगळीत टाकले. बसमध्ये, सिनेमागृहात, शाळांच्या भिंतींवर पाट्या लागल्या, की लावारिस वस्तूला हात लावू नका.

देऊसकरांचं सगळं आयुष्य हवाई दलात रेडिओ आणि रडारच्या यंत्रांपाशी गेलं होतं. वॉरंट ऑफिसर म्हणून ते इथूनच निवृत्त झाले होते. सकाळी पार्कात ट्रान्झिस्टर कानाशी धरून फिरायची त्यांची सवय जुनी होती. त्या महिन्यात मात्र ते बाकावर बसले की शेजारची माणसं उठून दुसरीकडे जाऊ लागली. कोणी काही बोलत नसे. नुसतं उठत. मग एके दिवशी देऊसकरांनी ट्रान्झिस्टरचं मागचं झाकण काढलं. आतल्या तारा, सेल, तांब्याची गुंडाळी, सगळं उघडं. तसाच तो घेऊन ते पार्कात आले, मागची बाजू लोकांकडे करून बसले आणि त्यांनी बातम्या ऐकल्या. ते झाकण त्यांनी पुन्हा कधी लावलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मार्केटच्या टोकाला, मेहरसिंगच्या दुधाच्या बूथवर, फळा दिसला.

आपल्याकडे गावोगावी चौकात वार्ताफलक असतो. कुठे तालमीचा, कुठे वाचनालयाचा. कोणीतरी उत्साही माणूस पहाटे उठून त्यावर वळणदार अक्षरात दोन बातम्या लिहितो आणि कामावर जाणारी माणसं सायकलवरून एक पाय टेकून त्या वाचतात. चंडीगडला असलं काही नव्हतं. तिथे चौक म्हणजे मोटारींनी गोल फिरायची जागा. माणसं थांबायची ती दुधाच्या बूथवर, म्हणून देऊसकरांनी तो बूथ निवडला. पॅकिंगच्या खोक्याची फळी, तिला काळा रंग, तारेचे हुक. सकाळच्या बातम्या ऐकून ते लिहायचे: वर एक बातमी, खाली एक मत. हिंदीत लिहायचे, पण ती हिंदी दक्षिण महाराष्ट्रातून निघून इथवर चालत आलेली होती. आणि सगळ्यात खाली, प्रत्येक दिवशी न चुकता: वामन देऊसकर, घर नंबर ३१४७, पहिली मंजिल.

पहिल्या दिवशीचं मत गुरुनाथांना चांगलं आठवत होतं. 'ट्रान्झिस्टर आपणहून बोलत नाही, आपणहून फुटतही नाही. रेडिओला भिऊ नका, पण पडलेला उचलू नका. ज्याची वस्तू, त्याने तिच्यावर नाव घालावं.'

मेहरसिंग फौजेतून निवृत्त होऊन बूथ चालवत होता. आडवा, पांढऱ्या दाढीचा, आणि गिऱ्हाइकाशी भांडल्याशिवाय ज्याला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही असा. त्याने फळा खालपासून वरपर्यंत वाचला.

"वारंट साब, नाम तो ठीक है. घर का नंबर क्यों? कोई रिश्ता मँगवाना है?"

"किसी को मत पसंद नहीं आया, तो वापस करने कहाँ आएगा?" देऊसकर म्हणाले. "बिना नाम का मत लावारिस चीज होती है, मेहरसिंगजी. उसको हाथ नहीं लगाना चाहिए."

"लो जी," मेहरसिंग रांगेतल्या बायकांना म्हणाला, "दूध के साथ अब भाषण भी मिलेगा. दूध में पानी है, भाषण खालिस है."

देऊसकर हसले की नाही, हे गुरुनाथांना आठवत नव्हतं. फळा टांगून ते लगेच निघून जायचे, हे मात्र पक्कं आठवत होतं. ते समोरच्या पार्कात अमलताशाखालच्या, म्हणजे आपल्या बहाव्याखालच्या, बाकावर जाऊन बसत, ट्रान्झिस्टर मांडीवर घेत, आणि तिथून बूथकडे बघत. लोक काय म्हणतात हे तिथवर ऐकू येण्यासारखं नव्हतं. कोणी थांबतं का, एवढंच दिसायचं. कोणी पिशवी हातात धरून वाचत उभं राहिलं की देऊसकर ट्रान्झिस्टरचा आवाज कमी करायचे, जणू वाचणाऱ्याला त्रास होईल. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून गुरुनाथ दूध घेतल्यावर जरा जास्त वेळ फळ्यापाशी उभे राहू लागले. वाचून झालं तरी.

मतं ठाम असायची. रेल्वेच्या आरक्षणाला कॉम्प्युटर आला आणि कोणाचं तरी तिकीट चुकलं, तेव्हा कारकून म्हणाला की कॉम्प्युटरची चूक आहे, अशी बातमी होती. देऊसकरांनी लिहिलं, 'कॉम्प्युटरला खुर्ची नसते. खुर्चीवर कोण होतं ते सांगा.' रविवारी सकाळी सगळं शहर टीव्हीसमोर बसायचं आणि रस्ते ओस पडायचे, त्यावर लिहिलं, 'आज नऊ ते दहा या वेळात कोणी बाकाखाली पिशवी ठेवून गेलं, तर ती पाहायला फक्त कावळे होते.' मार्केटमध्ये एसटीडी बूथ निघाला तेव्हा: 'आता बडोदा असो की बंगलोर, आपल्या बोटाने फिरवा आणि बोला. सोय उत्तम. बोलायला काय आहे, ते घरून ठरवून या.'

हे वाचून बायका हसल्या होत्या. गुरुनाथही हसले होते. मग एका संध्याकाळी त्यांनी देऊसकरांना त्याच एसटीडीच्या काचेच्या खोलीत पाहिलं. एका हाताने रिसीव्हर, दुसऱ्या हाताची बोटं काचेवर. मीटरवरचे आकडे पुढे सरकत होते. देऊसकर ऐकत होते आणि मधूनमधून मान हलवत होते, पलीकडच्याला ती दिसत असल्यासारखी. "हं. हं. ठीक आहे. नाही, काही लागत नाही." ते बाहेर आले, गुरुनाथांना पाहून म्हणाले, "आवाज अगदी स्वच्छ येतो हो." आणि निघून गेले.

"त्यांना एकदा जेवायला बोलवा ना," गुरुनाथांची पत्नी शैलजा म्हणाली.

"बोलावलं होतं."

"कधी?"

गुरुनाथांनी पेपरची घडी उलगडली.

"मनात ना?" शैलजा म्हणाली. "मग मनात येऊन जेवून गेले असतील. भांडी कमी दिसतायत."

त्यांची मुलगी नीला तेव्हा कॉलेजात होती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. "पापा, अंकलजी का बोर्ड मेरी सहेलियाँ भी पढ़ती हैं. पर वो डेट क्यों नहीं डालते?"

गुरुनाथांनाही ते नवल वाटलं होतं. नाव, पत्ता सगळं असायचं, तारीख नसायची. पुढे एकदा धीर करून त्यांनी विचारलं. देऊसकर म्हणाले, "उद्या पुसायचंच आहे. तारीख कशाला?"

वर्षं गेली तसा काळ बिघडत गेला. चौकाचौकात वाळूच्या गोण्या आल्या, गोण्यांच्या मागून बंदुकीच्या नळ्या. संध्याकाळ झाली की मार्केट लवकर बंद व्हायचं. वर्तमानपत्रांनी कोणाला काय म्हणायचं, काय छापायचं, याची एकीकडून अतिरेक्यांची फर्मानं निघत, दुसरीकडून काय छापायचं नाही याच्या सरकारी सूचना. पेपर टाकणारे कधी यायचे, कधी यायचे नाहीत. पेपर आला नाही त्या दिवशी फळ्यासमोर गर्दी व्हायची. पार्कातल्या बाकावर ट्रान्झिस्टरचा आवाज बराच वेळ कमी असायचा.

गणपतीच्या दिवसांत महाराष्ट्र मंडळाची माणसं कम्युनिटी सेंटरमध्ये जमत. फौजेतली कुटुंबं, डॉक्टर, विद्यापीठातले काही जण. मंडळाचे चिटणीस डॉ. नरेंद्र कोपरकर, वैद्यकीय संस्थेत शल्यविशारद. त्यांनी आरतीनंतर देऊसकरांना बाजूला घेतलं. गुरुनाथ प्रसादाचं ताट घेऊन जवळच उभे होते.

"वामनराव, लिहा तुम्ही. छान लिहिता. पण ते नाव आणि घर नंबर तेवढा काढा आता. दिवस कसले आहेत ते माझ्यापेक्षा तुम्हाला ठाऊक. आमच्याकडे रोज काय येतं ते मी बघतो."

"नाव काढलं तर राहिलं काय, डॉक्टर?"

"मत राहिलं की."

"कोणाचं?"

"अहो, लोकांना मताशी मतलब. तुमच्या घराशी काय करायचंय?"

"करायचं असेल त्याने यावं, म्हणून तर लिहितो," देऊसकर शांतपणे म्हणाले. "मी बोललो, मी निस्तरीन. दुसऱ्या कोणाच्या दारात जायला नको."

"सबनीस, तुम्ही तरी सांगा यांना," डॉक्टर म्हणाले.

गुरुनाथांनी दोघांच्या हातावर खिरापत घातली. सांगायचं काय, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. देऊसकरांचं त्यांना पटत होतं, आणि भीतीही डॉक्टरांइतकीच वाटत होती.

नव्वद सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. बसमधून माणसं उतरवून मारल्याच्या बातम्या येत होत्या. त्याच पानावर, पोलिसांशी चकमकीत अमुक ठार, अशा बातम्याही असत. सगळ्या एकाच साच्यातल्या. कोणाची नावं नसायची. त्या सकाळी देऊसकरांनी बातमी लिहिलीच नाही. फक्त मत लिहिलं: 'मारणारे नाव सांगत नाहीत. उचलून नेणारेही सांगत नाहीत. ज्यांना आई-बापांनी नावं ठेवली होती, ते सगळे आपल्या राज्यात लावारिस झाले.' खाली नाव, घर नंबर, पहिली मंजिल.

त्या दिवशी फळ्यासमोर लोक थांबले, पण कोणी बोललं नाही. मेहरसिंगनेही चेष्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी बूथ बंद होता. शेजारच्या किराणा दुकानदाराने सांगितलं ते असं: संध्याकाळी जीप आली. साध्या कपड्यांतली माणसं. बोर्ड कोणाचा, म्हणून विचारलं. मेहरसिंगने खालचं नाव दाखवलं. ते म्हणाले, नाव वाचता येतं आम्हाला, बूथ कोणाचा? आणि त्याला बसवून घेऊन गेले. जीप कुठली, कोणालाच कळलं नव्हतं.

गुरुनाथ दुधाशिवाय परतत होते तर देऊसकर समोरून येताना दिसले. अंगात हवाई दलातला जुना ब्लेझर, छातीवर पदकं. पदकं लावलेले देऊसकर त्यांनी आधी कधी पाहिले नव्हते.

"मी चौकीवर जातोय," देऊसकर म्हणाले. "ते माझ्याकडे यायला हवे होते, सबनीस. पत्ता लिहिलेला होता."

ते पुढे चालू लागले. गुरुनाथ त्यांच्या बरोबर चालू लागले. 'मी येतो' असं त्यांनी म्हटलं नाही आणि देऊसकरांनी 'या' असं म्हटलं नाही.

चौकीतला अधिकारी तरुण होता आणि अतिशय अदबशीर. त्याने दोघांना बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला.

"मेहरसिंग हमारे यहाँ नहीं है, सर. पता करवाता हूँ."

"बोर्ड मैंने लिखा है," देऊसकर म्हणाले. "यह मेरा नाम है, यह घर का नंबर. जिसको पूछना है, मुझसे पूछे. उस आदमी की सिर्फ दीवार है."

"सर, आप बुजुर्ग हैं, फौजी आदमी हैं. आप पर किसको शक होगा?"

"शक की बात नहीं. जिम्मेदारी की बात है. मेरी जिम्मेदारी है, लिख लीजिए."

अधिकारी हसला. चांगलं हसला, घरच्या वडीलधाऱ्या माणसाशी हसावं तसं. "आप घर जाकर आराम कीजिए, सर. मैं देखता हूँ."

देऊसकरांनी पुन्हा तेच सांगितलं. मग तिसऱ्यांदा. अधिकारी दर वेळी मान डोलवत होता आणि काहीच लिहून घेत नव्हता. मग ते दोघं बाहेर व्हरांड्यात लाकडी बाकावर जाऊन बसले, दुपार होईपर्यंत. आयुष्यात ते दोघं इतका वेळ एकत्र बसले ते तेवढं एकदाच. देऊसकर एकच वाक्य बोलले. "ते माझं ऐकतायत, पण मी सांगतोय ते घेत नाहीयेत हो." त्यावर गुरुनाथांना वाटलं, यांच्या हातावर हात ठेवावा. त्यांनी आपला रुमाल काढून चष्मा पुसला.

मेहरसिंग दोन रात्री बाहेर काढून परत आला. कोणी आणून सोडला, हे तो बोलला नाही. पुढच्या सकाळी त्याने बूथ उघडला. डावा हात जरा जपून वापरत होता, एवढंच. गुरुनाथ रांगेत होते तेव्हा देऊसकर आले, आणि सगळ्यांसमोर त्यांनी फळ्याचे हुक सोडवायला सुरुवात केली.

"मैंने कहा क्या?" मेहरसिंग म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता.

"नहीं. आपने नहीं कहा."

"तो रहने दो. चोर थोड़ी हैं हम."

"मेहरसिंगजी," देऊसकर म्हणाले, "मैंने सोचा था नाम मेरा है तो बात मेरी है."

मेहरसिंगने दुधाची एक पिशवी उचलली, पालथी करून कुठे गळते का पाहिलं आणि पुढच्या बाईच्या हातात दिली. "ले जाओ फिर. अब लोग सिर्फ दूध लेने आएँगे. बोर हो जाऊँगा."

फळा काखेत मारून देऊसकर गेले. त्या दिवशी पार्कातला बाक रिकामा होता.

फळा नंतर लागला तो देऊसकरांच्या घरमालकिणीच्या मागच्या फाटकावर. स्वतःच्या पत्त्यावर. मागची गल्ली अरुंद होती. तिथून जायचा तो कचरा नेणारा, नाहीतर चुकलेला पोस्टमन. वाचणारं कोणीच नव्हतं. देऊसकर तरी रोज लिहीत होते. बातमी, मत, नाव. घर नंबर मात्र आता लिहीत नव्हते, फाटकावर पाटी होतीच.

हे गुरुनाथांना कळलं ते रस्ता चुकल्यामुळे नव्हे. फळा कुठे गेला म्हणून ते शोधत फिरले होते. सापडल्यावर त्यांनी दूध आणायची वाट बदलली. शैलजाने विचारलं, "एवढा वळसा कशाला?" तर म्हणाले, "साखर वाढलीय. चालायला हवं."

"तपासली कधी?"

"वाटते तशी."

गल्लीत उभं राहून वाचणं बूथवर वाचण्यापेक्षा अवघड होतं. बूथवर दुधाचं निमित्त असायचं. इथे आपण फक्त वाचायलाच आलोय, हे उघड दिसायचं. वरच्या खिडकीचा पडदा कधी हलायचा, कधी नाही. गुरुनाथ वाचत, थोडं थांबत आणि निघत. कधी देऊसकर खालीच असले तर दोन शब्द होत. थंडी वाढली. आज दूध उशिरा आलं. फळ्याविषयी दोघंही बोलत नसत.

डिसेंबरमध्ये एके दिवशी फळ्यावर बातमी नव्हती, मतही नव्हतं. वर्तमानपत्रात कोपऱ्यात असतं तसं वर एकच शब्द होता: 'दुरुस्ती'. खाली लिहिलं होतं: 'आपल्या मताखाली नाव घातलं की त्याची जबाबदारी आपल्या एकट्याची राहते, असं मी आजवर लिहीत आलो. तसं राहत नाही. ते दुसऱ्याच्या भिंतीवर टांगलेलं असतं. भिंतवाल्याला मी विचारायला हवं होतं. वामन देऊसकर.'

गुरुनाथांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. हे ज्याने वाचायला हवं तो मेहरसिंग, आणि तो दिवसभर बूथ सोडून हलत नाही, असं त्यांच्या मनात आलं. संध्याकाळी हे पुसलं जाणार. ते तसेच मार्केटकडे गेले. बूथवर गर्दी होती. आपली पाळी येईपर्यंत त्यांनी वाक्य तयार केलं, आणि पाळी आल्यावर ते निम्मंच बाहेर पडलं.

"वो, वारंट साब का बोर्ड... पीछे की गली में. आज एक बार देख लेना."

मेहरसिंगने त्यांच्याकडे पाहिलं. गुरुनाथ इतकी वर्षं तिथे दूध घेत होते, पण दुधाशिवाय दुसरं काही बोललेले त्याला आठवत नसावेत.

"देखूँगा," तो म्हणाला. "रोज देखता हूँ, जी. दोपहर को बूथ बंद करके रोटी खाने जाता हूँ, तो उसी गली से. वारंट साब उस टाइम सोते हैं." पिशवी पुढे करत तो म्हणाला, "उनको मत बताना. फिर खिड़की में बैठ जाएँगे, सोएँगे नहीं."

दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर पुन्हा बातमी आणि मत येऊ लागलं. मेहरसिंगने 'दुरुस्ती' वाचली का, वाचून काय म्हणाला, हे गुरुनाथांनी विचारलं नाही. एक मात्र झालं. जानेवारीच्या सुरुवातीला बूथवर गेले तेव्हा मेहरसिंगच्या मागे, पूर्वी फळा असायचा त्या भिंतीवर, हुक अडकवायचे जुने खिळे काढून नवे ठोकलेले त्यांना दिसले. तिथे दुसरं काही टांगलेलं नव्हतं.

आखातातलं युद्ध सुरू झालं त्याच आठवड्यात देऊसकर गेले. झोपेतच. सकाळी दाट धुकं होतं. गुरुनाथ खिशात खडूंची पेटी घेऊन गल्लीत आले. फाटकावर फळा दिसेना. धुक्यामुळे दिसत नसेल म्हणून ते अगदी जवळ गेले. फाटकाचे गज ओले होते, आणि रिकामे. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वरची बेल वाजवली. बराच वेळ वाजवली. मग घरमालकीण शाल लपेटून खाली आली.

चौथ्याला, म्हणजे तिकडे चौथ्या दिवशी शोकाला जमतात तेव्हा, मेहरसिंग आला होता. पांढरी पगडी, हात जोडलेले. सुरेशपाशी बसून तो म्हणाला, "आपके पिताजी बहुत बोलते थे." सुरेश त्याच्याकडे बघतच राहिला. बाबांना फोनवर दोन वाक्यांवर तिसरं बोलताना त्याने ऐकलं नव्हतं.

देऊसकरांशी गुरुनाथांचं शेवटचं बोलणं झालं ते आदल्या दिवशी, फाटकापाशी. फळ्यावर युद्धाची बातमी होती, आणि खाली मत: 'आता बॉम्ब स्वतःच घर शोधून काढतो, म्हणतात. पत्ता त्याला कोणीतरी दिला असेल. त्याने खाली नाव लिहावं.' देऊसकर कानटोपी घालून स्वतःच्याच अक्षरावरून न टेकवता बोट फिरवत होते.

"मेहरसिंग वाचतो हे," गुरुनाथ म्हणाले. न ठरवताच म्हणाले. "दुपारी."

"माहीत आहे," देऊसकर म्हणाले. "म्हणून तर दुपारी पडदा ओढून घेतो."

मग देऊसकरांनी खिशातून नखाएवढा उरलेला खडू काढून दाखवला.

"हवेने ओला होतो. उठत नाही नीट. मार्केटकडे गेलात तर आणाल का?"

"आणतो. पांढराच ना?"

"पांढराच. रंगीत चांगला दिसतो, पण लांबून वाचता येत नाही."

"बरं."

"आणि सावकाश जा. धुकं आहे."

"बरं," गुरुनाथ म्हणाले.